धुक्यातली पाहणी

महापुराचं पाणी ओसरलं तेव्हा महाडमधल्या आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत गुडघाभर गाळ साचला होता. जो तो आपल्या घरातला चिखल उपसत होता. तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बघितलं ते शेजारच्या मावशींनी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात त्यांचं सारं आयुष्य शेतीत गेलेलं. नवरा गेल्यावर त्या इथे मुलाकडे येऊन राहिल्या होत्या. त्यांनी गाळाचं एक ढेकूळ उचललं, चुरलं, नाकाशी नेलं.

"बाई, हितं वाल चांगला होईल," त्या मला म्हणाल्या.

मी जवळच्या नाते गावातल्या शाळेत शिकवते, म्हणून कॉलनीत सगळ्यांची 'बाई'. शेतीतलं मला काही कळत नव्हतं. पण त्या दिवसांत घरात बसवत नसे. भिंतींना ओल, कपाटांना कुबट वास. शाळेतून आले की मी मावशींच्या मागे मागे जायला लागले. त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी वाल पेरला. पुढे आणखी चार-सहा घरं आली. माठ आला, मुळा आला, नाल्याच्या कडेने अळू आणि पपया आल्या. वाफे कुणी वाटून घेतले नाहीत. ज्याला आठवेल त्याने पाणी घालायचं, ज्याला लागेल त्याने भाजी न्यायची.

ती वर्षं आता मला एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. नदीवरून धुकं चढायचं, समोरची घरं एकेक करून पुसली जायची आणि वेलांत वाकलेल्या बायकांचे नुसते आवाज यायचे. मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचे. आपण उठलो आहोत की अजून झोपेतच आहोत, हे ठरवायला वेळ लागायचा. ठरवावंसंही वाटायचं नाही.

मग एके दिवशी विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. ज्यांनी इथले प्लॉट पाडून विकले, त्यांच्या मुलाने ती जागा बांधकामासाठी मागितली होती. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी, असं लिहिलं होतं.

तो मुलगा, म्हणजे चांगला चाळिशीचा गृहस्थ, जागा बघायला मुंबईहून आला. मावशींनी त्याला पाणी दिलं.

"वडिलांनी ही जागा कधी कुणाला विकलीच नाही, बाई," तो मला म्हणाला. "मग ती माझीच ना?"

त्याच्या बोलण्यात खोट वाटली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

आमच्यापैकी एक काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "विकली नाही, हे खरं. पण प्लॉट मंजूर करून घेताना ती सगळ्यांसाठी मोकळी सोडली असणार. नकाशात हिरवी दाखवलेली असेल. नकाशा शोधा."

त्यांचा नकाशा पुरात गेला होता, कचेरीतली प्रतही. माझी घराची फाइल वाचली होती. पुरानंतर तिचा एकेक कागद मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर सुकवला होता. नकाशा उलगडला आणि बघतच राहिले. हिरवा रंग पाण्याने फुटून चौकटीबाहेर पसरला होता. रस्ते हिरवे, मावशींचं घर हिरवं, माझंही हिरवं. सगळी कॉलनीच कुठल्याशा रानात बुडाल्यासारखी दिसत होती. भांडणाचा कागद होता तो, पण मी कितीतरी वेळ तो नुसता मांडीवर घेऊन बसले.

आम्ही मुदतीत हरकत नोंदवली. सुनावणीला अधिकाऱ्यांनी तो नकाशा खिडकीच्या उजेडात धरला.

"हद्द कुठली समजायची, बाई?"

"रंग पसरलाय, साहेब. रेघ आहे तिथेच आहे," मी म्हणाले.

काकांनी रेघेवर बोट ठेवलं. तो गृहस्थ म्हणाला, हा नुसता डाग आहे. शेवटी अधिकारी म्हणाले, "जागेवर येऊन मोजून बघतो."

ते आले त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की फाटकातून त्यांचे बूटच आधी दिसले.

"काहीच दिसत नाही. पुन्हा येतो," ते म्हणाले.

"कशाला, सायेब? चला की." मावशींनी सरळ त्यांचं मनगट धरलं. "हात लावा. ह्यो वाल हाय. फुलावर आलाय, वास घ्या. हितं माठ, पाय जपून. नाय, नाय, अंगाशी या."

अधिकारी एकेका पानाला हात लावत त्यांच्या मागून चालले. त्यांची बाही दवाने भिजली. काका आणि कचेरीतला माणूस टेप ओढत होते. ते दिसत नव्हते, नुसते आकडे ऐकू येत होते. तो मुंबईचा गृहस्थ माझ्या शेजारी उभा होता. त्याने एक फूल तोडून नाकाशी नेलं असं मला वाटतं, पण खात्री देता येत नाही. तेवढ्यात नाल्याकडून काका ओरडले, "सापडला!" अळवाच्या पानांखाली हद्दीचा दगड होता, नकाशातल्या रेघेच्या टोकाला जिथे असायला हवा तिथेच.

महिन्याभराने निकाल आला. जागा सगळ्यांसाठी मोकळीच राहणार होती. बांधकामाचा अर्ज नामंजूर झाला होता. पण त्याच पाहणीत नाला अरुंद झालेला ध्यानात आला. पुराच्या भीतीने तो रुंद करायचं ठरलं आणि कडेची पट्टी खणली गेली. पपया गेल्या, अळू गेलं. ते चूक आहे असं आमच्यातल्या कुणालाच म्हणता येईना. मावशी दोन दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उपटलेले अळवाचे कांदे गोळा करून त्यांनी प्रत्येकाच्या मोरीपाशी लावून दिले.

तो गृहस्थ पुन्हा आला नाही. कधीकधी मला त्याची आठवण येते.

यंदा मावशींचे गुडघे साथ देत नाहीत. त्या खुर्ची टाकून बसतात, सांगतात आणि मी पेरते. माझी ओळ दर वेळी वाकडी जाते.

"फळ्यावर पन असंच लिवता काय, बाई?" त्या विचारतात, आणि सगळ्या हसतात.