‘आरोग्यदायी आहार’ची पाटी काढली तेव्हा

मंडळी, आज दुपारी आमच्या गिंडी भागातल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जे घडलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

लोकांनी भात थोडा कमी करून नाचणी, वरई खावी, म्हणून आम्ही काही जण प्रयोग करतोय. ही धान्यं तब्येतीला बरी आणि पिकायला पाणीही कमी लागतं. आधी वेगळं काउंटर लावलं, वर मोठी पाटी: ‘आरोग्यदायी आहार’. तिकडे कुणी फिरकेचना!

आज ती पाटी काढली आणि वरईचा दहीभात नेहमीच्याच रांगेत, सगळ्यात पुढे ठेवला. पातेलं बघता बघता रिकामं झालं.

अकाउंट्सचे सेल्वम सर (नाव बदललंय) तोच दहीभात घेऊन माझ्यासमोर बसले. मी गमतीनं म्हटलं, "सर, इतके दिवस कुठे होतात?"

ते हळूच म्हणाले, "मला शुगर निघालीय. इथे कुणाला सांगितलं नाही. त्या पाटीखाली उभा राहिलो असतो, तर सगळ्यांनी विचारलं असतं."

ती पाटी मीच हौसेनं रंगवली होती. सर मजेत जेवत होते.

तुमच्या आसपास असं कुणी आहे का, ज्याला खाणं बदलायचंय, पण चारचौघांत उठून दिसायचं नाहीये?