बोटीसाठीचा डबा

लातुरात आता गल्लोगल्ली क्लासेस. तिथली पोरं फोनवर रस्ता बघत चालतात आणि मलाच चिडवतात, "काका, तुमचा कशावरच विश्वास न्हाई!" न्हाईच. हवाई दलात हेलिकॉप्टरमधली उपकरणं तपासण्यात माझी उमर गेली. संशय घ्यायचाच पगार होता मला.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या थोडं आधी आमच्या वैमानिक साहेबांनी बाजारातून एक डबा आणवला. उपग्रहाच्या मदतीनं आपण कुठं आहोत ते अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत दाखवायचा. खोक्यावर चित्र कशाचं, तर मासेमारीच्या बोटीचं! आमची लष्करी उपकरणं लोखंडी पेटीतली, आदळली तरी चालणारी. हे म्हणजे प्लास्टिकची साबणदाणी. मी तो चालू करून जीपच्या तापलेल्या बॉनेटवर बांधला, इंजिन धडधडत ठेवलं, वर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चांगला ठोकला. बेटा पास झाला. मला आणखीच संशय आला. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

मग भूकंप झाला. किल्लारीच्या बाजूला माझं गाव, तिथं आई एकटी. फोन लागेना. औषधं पोचवून जखमींना उचलून आणायचा हुकूम आला आणि मी त्याच भागातला म्हणून साहेबांनी मला सोबत घेतलं.

डबा साहेबांच्या पुढ्यात ठेवून हेलिकॉप्टरनं तेरणा नदीच्या काठानं निघालो. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "आलं तुझं गाव. डबा हेच दाखवतोय."

खाली नुसते दगडमातीचे ढिगारे. त्यांच्यामधून माणसं पळत होती, आमच्याकडं बघून हात हलवत होती.

"छ्या! हे न्हाई, साहेब. माझ्या गावाला वेस हाय, मारुतीचं देऊळ हाय." मी डब्यावर दोन टोले हाणले. आकडे तेच.

"नक्की?"

"माझं गाव मला कळंना व्हय? बोटीचा डबा हाय तो, बिघडलाय. पुढं चला!" मी साहेबांवर ओरडलोच.

साहेबांनी हेलिकॉप्टर वळवून एक घिरटी घातली. शिवाराच्या कडेला एक विहीर दिसली. कठडा निळा. गेल्या दिवाळीला सुट्टीवर आलो होतो, तेव्हा आईनं मागं लागून तो माझ्याकडूनच रंगवून घेतला होता.

"साहेब," मी म्हणालो, "डबा बरोबर हाय. खाली घ्या."