वाघळांचे बदाम

नोकरीतली बरीच वर्षं मी वटवाघळांच्या मागे घालवली. विषाणू शोधायचे ते साहेब लोकांनी. जाळी बांधणं, अंगावर घाण झेलणं आणि बर्फाची पेटी सांभाळणं एवढंच माझ्याकडे होतं. शहागडजवळ एका मावशींच्या मळ्यात जुना पिंपळ होता, तो वाघळांनी भरलेला असायचा. पहाटे ती परतली की आम्ही काही धरायचो, घशाचा आणि रक्ताचा नमुना घ्यायचो आणि सोडून द्यायचो.

वाघळं गावातल्या देशी बदामाची फळं पिंपळावर आणून खायची आणि बिया खाली टाकायची. मावशींच्या दोन नाती त्या बिया दगडानं फोडून आतला बदाम खात. आमच्या तोंडाला मास्क दिसले आणि मावशींनी ते बंद केलं.

"तुमचा रिपोट आल्याबिगर पोरींच्या तोंडात एक बदाम जानार न्हाई," त्या म्हणाल्या.

रिपोर्टाला दीड वर्ष लागलं. विषाणू निघाला, अगदी नवा. प्रयोगशाळेत पेढे वाटले. तो माणसाला काही करतो का, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी बजावलं, "गावात बोलू नका, लोक झाड तोडतील." मला ते पटलं. एव्हाना त्या वाघळांचा मला लळा लागला होता.

पुढच्या खेपेला मावशी वाटच पाहत होत्या.

"मंग, काय निघालं?"

"काही नाही, मावशी."

पोरी लगेच बिया वेचायला धावल्या. मावशींनी एक बी पदराला पुसली, फोडली आणि आतला बदाम माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या सायेब, पहिला मान तुमचा."

मी तो शर्टाच्या खिशात टाकला. "सावकाश खातो," म्हणालो.

मावशींनी खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरींच्या मुठी उघडून त्यांनी बिया काढून घेतल्या आणि दोघींना हात धुवायला विहिरीवर पिटाळलं. मला मान वर करवेना. इतकी शरम मला त्या नोकरीत दुसऱ्यांदा वाटली नाही.

आम्ही जाळी गुंडाळेपर्यंत त्या खराट्यानं पिंपळाखालची जागा झाडत होत्या. निघताना जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं बोल्ला असता, तरी झाड तोडलं नसतं म्या."