गल्लीची रेंज कोणी खाल्ली

चहा घ्या आधी. माझा पराक्रम ऐकल्यावर तो घशाखाली उतरेल की नाही, सांगता येत नाही. मीही आता सांगून सांगून थकलोय. बदलापूर गावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, माझ्यापेक्षा रंगवून सांगेल.

रिटायर होऊन घरी बसलो आणि लक्षात आलं, आपल्या घरात मोबाईलला रेंजच नाही. फोन आला की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धं बाहेर लोंबकळायचं. बायको म्हणायची, "एक दिवस फोनसकट खाली जाल." म्हणून उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. तिथे काय मिळत नाही? शेअर रिक्षातून उतरलो तर समोरच्याच दुकानात शेठनं एक डबी आणि अँटेना पुढे केली. "काका, रेंज की मशीन है. लगाओ और भूल जाओ."

लावली. अँटेना गच्चीवर, डबी फ्रिजवर. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या! आणि शेठनं सांगितल्याप्रमाणे मी ती मशीन खरंच विसरून गेलो.

मग हळूहळू गल्लीतल्या सगळ्यांची रेंज गेली. आता तुम्हाला कळलं असेल. तुम्ही हुशार. मला नाही कळलं.

रेंज उरली फक्त आमच्या घरात. मग काय, सगळ्या गल्लीचं फोनचं बूथ म्हणजे आमचं स्वयंपाकघर. कुणी ओटीपी घ्यायला, कुणी गॅसचा नंबर लावायला, कुणी नुसतं भांडायला. लोक आमच्या ओट्याशी उभे राहून आपल्या मेव्हण्याशी भांडायचे आणि बोलता बोलता माझ्या डब्यातले शेंगदाणे संपवायचे. दुपारची झोप गेली. बनियनवर बसायची सोय राहिली नाही. शेवटी मी नियम केले. चपला बाहेर. पाच मिनिटं. स्पीकर नाही.

तळमजल्यावरच्या मंदाताईंचं मात्र खरंच अडलं होतं. त्यांची लेक पेणला सासरी, दिवस भरलेले. जावयानं सांगून ठेवलेलं, दवाखान्यात नेलं की फोन करतो, लगेच निघा. बिचाऱ्या रोज फ्रिजजवळ स्टूल टाकून बसायच्या. "भाऊ, जरा बसते. नाय आला फोन तर जाते." जायच्या नाहीत. आणि मी, माणूस म्हणवणारा, घड्याळाकडे बघायचो.

इतका कंटाळलो की तक्रारच करायची ठरवली. दूरसंचार नियामकाची जाहिरात पेपरात वाचली होती. ग्राहकाचे हक्क, सगळ्यांना सारखी सेवा वगैरे. थेट तिथेच फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आम्ही एकेकाची तक्रार घेत नाही, नियम करतो. आधी कंपनीकडे तक्रार करा. नाहीच झालं तर तिथेच अपील करा. अपिलाला त्यांना उत्तर द्यावंच लागतं."

कंपनीनं नुसता खेद व्यक्त केला. मग मी अपील ठोकलं. काय एकेक वाक्य होतं! 'मुंबईच्या माणसाचा कान तो कान, आणि बदलापूर गावच्या माणसाचा काय?' बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

अपील लागू पडलं. टॉवर तपासला गेला, टॉवर ठणठणीत. कंपनीचा फोन आला, "तुमच्याच भागातून काहीतरी गडबड होतेय. सरकारी माणसं येऊन शोधतील."

आता सरकारी माणसं येणार, घर नीट दिसायला हवं. त्या दिवशी सकाळपासून मी घरातलं बूथ बंद ठेवलं. मंदाताईंनाही. "आजच्या दिवस थांबा ताई, तुमच्याच भल्याचं चाललंय." त्या हातात फोन घेऊन गल्लीतच उभ्या राहिल्या.

साहेब आले. तरुण पोरगा, पण चेहरा माझ्याहून दमलेला. हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना. म्हणाला, "काका, कुणीतरी चोरून मशीन लावलंय. त्याला एकट्याला रेंज मिळते आणि बाकीच्यांचे फोन टॉवरपर्यंत पोचत नाहीत."

"अशा माणसाला आत टाका साहेब," मी म्हणालो. सगळ्या गल्लीसमोर. मोठ्यानं.

काटा फिरवत ते पुढे, मी त्यांच्याही पुढे, वाट दाखवत. मागे अख्खी गल्ली. काटा आमच्या बिल्डिंगकडे वळला. मी म्हटलं, "बघा, आमच्यातच निघाला हरामखोर." पहिला मजला झाला. काटा अजून वर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला एकदम फ्रिज आठवला.

हो, फ्रिज. मी बाजूला सरकून साहेबांना पुढे जाऊ दिलं.

"हे घर कुणाचं?" साहेबांनी विचारलं. बायकोनंच दार उघडलं आणि म्हणाली, "या. ती बघा डबी. लावून हे विसरले, रोज पुसते मी."

साहेबांनी स्विच बंद केला. आणि जिन्यात, गल्लीत, सगळ्यांचे फोन एकदम टणाटणा वाजायला लागले. मंदाताईंच्या फोनवर मेसेजवर मेसेज. जावई पहाटेपासून फोन लावत होता.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी अनवाणी नाक्यापर्यंत पळालो, रिक्षा आणली, भाडं पेणपर्यंतचं ठरवलं. वाटभर देवाला एकच सांगत होतो, माझ्यामुळे नको, बाबा. पोचल्या हो वेळेवर. नात झाली. परत आल्या तेव्हा बर्फी घेऊन आल्या, मलाही दिली. तो तुकडा गिळताना मला जे झालं ते माझं मला माहीत.

मशीन जप्त झाली. नोटीस येईल तेव्हा येईल. गल्लीत आता सगळीकडे रेंज आहे, आमचं घर सोडून. परवा कंपनीचा फोन आला. खिडकीतून लोंबकळून एवढंच ऐकू आलं, की तक्रार सुटली, समाधान झालं का ते सांगा. आणि कट.

परत लावायचा तर रेंज हवी. गेलो खाली, मंदाताईंच्या दारात उभा राहिलो.

त्या नातीचे फोटो बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या भाऊ. चपला बाहेर. पाच मिन्टं. आन् स्पीकर नाय."