भाऊंच्या सायकलची दोन कप्प्यांची पिशवी

परवा आमचे चिरंजीव सोफ्यावर लोळत मोबाईलवर सायकलची बॅग निवडत होते. ऑफिसला सायकलने जायचं खूळ नवीन, खरेदीचं खूळ मात्र जुनंच. मध्येच त्यानं विचारलं, "आई, एका बाजूची घेऊ की दोन्ही बाजूंची?" आणि माझे डोळे भरून आले... बिचारा घाबरलाच.

त्याला तेव्हा धड काही सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहिते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही धुळ्याकडे, नरडाण्याला राहायचो. माझे वडील, म्हणजे आमचे भाऊ, जवळच्याच एका खेड्यातल्या हायस्कुलात क्लार्क होते आणि रोज सायकलनेच जायचे-यायचे. स्वभाव इतका चिकित्सक, की भरताचं वांगं निवडायला बसले की भाजीवाली कपाळाला हात लावायची.

पिशवीपायी तर त्यांनी आम्हा सगळ्यांना पिडलं. हँडलला अडकवलेली पिशवी गुडघ्यावर आपटायची. पुढची जाळीची बास्केट खडीच्या रस्त्यानं खुळखुळी झाली. कॅरिअरच्या स्प्रिंगखाली डबा दाबून बसवला, तर सगळं वरण शाळेच्या कागदांवर... हेडमास्तरांनी ते कागद दोन बोटांत धरून परत दिले म्हणे!

शेवटी धुळ्यात एका दूधवाल्याच्या सायकलला दोन्हीकडे लटकवलेल्या किटल्या दिसल्या आणि भाऊंना मार्ग सापडला. दोंडाईच्याला मिरचीच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारा एक जण होता, त्याच्याकडून उरलेल्या तुकड्यांची पिशवी शिवून आणली. कॅरिअरवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना एकेक कप्पा, पावसाची भीती नाही. फक्त तिला मिरचीची अशी खाट, असा झोंबरा वास होता की कितीतरी दिवस आम्ही सगळे शिंकत होतो.

एक खोट मात्र राहिली. डबा एका कप्प्यात ठेवला की पिशवी तिकडेच घसरायची आणि चाकात जायची. आई म्हणाली, दुसरीकडे एक दगड ठेवा, झालं. भाऊ म्हणाले, "रोज दगड वाहायचा, त्यापेक्षा दुसरा डबा दे. नानांसाठी."

नाना म्हणजे त्यांच्या शाळेतले ड्रॉईंगचे सर. त्यांची बायको आदल्याच वर्षी गेली होती, मूलबाळ नव्हतं. मधल्या सुट्टीत "आज भूक नाही" म्हणत फुटाणे खात बसायचे आणि कुणी डबा पुढे केला की उठून जायचे. मानी माणूस... कुणाची कीव नको होती त्यांना.

भाऊंनी त्यांना सांगितलं, काय करू, सायकलचा तोलच राहत नाही, दुसरा डबा आणावाच लागतो. भरलेला परत नेला तर घरी बोलणी बसतात, तेवढं माझ्यावर उपकार करा. आणि नानांनी चक्क मानलं!

मग रोज दोन डबे. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, जे काही असेल ते दोन्हीत सारखं. नाना डबा कधी रिकामा पाठवायचे नाहीत. चार शेंगा, गुळाचा खडा, बोरांच्या दिवसांत बोरं... संध्याकाळी भाऊ आले की मी आधी नानांचा डबा उघडायची.

आणि मग तो दिवस आला. भाऊ शाळेतच, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी, खुर्चीत बसल्या बसल्या कोसळले. जीपमधून धुळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सायकल शाळेच्या भिंतीला टेकलेली तशीच राहिली, पिशवीत दोन्ही डबे भरलेले.

आई रडली नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्यांनी रीतीप्रमाणे कडू घास आणला. आत्यानं, मावशीनं हातापाया पडून पाहिलं. तिनं अन्नाला हात लावला नाही. आता हीसुद्धा जाणार, या भीतीनं मी तिचा पदर सोडत नव्हते. भाऊ गेल्याचं रडायलाही मला सुचत नव्हतं.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी नाना आले, भाऊंची सायकल हातानं ढकलत. एवढ्या उन्हात चालत आले, पण तिच्यावर बसले नाहीत. कॅरिअरवर तीच पिशवी होती, दोन्ही कप्पे भरलेले.

त्यांनी दोन्ही डबे काढून आईसमोर ठेवले. घासून लख्ख केलेले. आत पिठलं आणि त्यांनी स्वतः थापलेल्या भाकरी, वाकड्यातिकड्या, कडा करपलेल्या.

शाळेत शुद्ध बोलणारे नाना त्या दिवशी अहिराणीतच बोलले. "वहिनी, एकच डबा लयता येस नही. पिशवी चाकमा जास." एकच डबा आणता येत नाही, हे भाऊंचंच कारण त्यांनी पुढे केलं.

आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. नाना खाली बघतच म्हणाले, "दगड ठेवा तरी तोल ऱ्हास. हाई माले पयलेपासून माहीत शे. तरी मी खादं... आते तुम्ही खा." दगडानंही तोल राहिला असता, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आई फुटली. भिंतीला डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली आणि मग रडता रडताच तिनं भाकरीचा तुकडा मोडला. समोर बसून नानांनी दुसरा डबा खाल्ला. शेवटच्या करपलेल्या कडेपर्यंत त्यांनी तो संपवला.

ते निघाले तेव्हा आई उठली. त्यांनी खाल्लेला डबा तिनं घासला आणि रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवला. मी तिचा पदर तेव्हा सोडला.

आज आई नाही, नानाही नाहीत. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि मला अजूनही वाटतं, ती त्या करपलेल्या भाकरीवर जगली. नानांचे आभार मानायचे राहूनच गेले...

लेकाला एवढंच म्हटलं, दोन्ही बाजूंची घे. दुसऱ्या कप्प्यात काय ठेवायचं, ते मी सांगते.