तीनशे पावलं चाललेली फटफटी

"अब्बा, बस झालं! हात नका लावू आता त्याले!"

मिस्त्रींचा पोरगा असा ओरडला की नाल्यापलीकडची माकडंसुद्धा गप्प झाली. मिस्त्री मात्र ऐकत नव्हते. धुळीत गुडघे टेकून ते माझ्या फटफटीची किक दोन्ही हातांनी दाबत होते, आणि किक दगडात रोवल्यासारखी जागची हलत नव्हती. मी अजून सीटवरच होतो, गळ्यात झेंडूचा हार, नवरदेवासारखा.

"लोकं हसून राह्यले, अब्बा. चला घरी."

लोक हसतच होते. अख्खा गाव जमला होता, म्हणजे तीसेक माणसं, दोन बैलजोड्या आणि पाटलाचं कुत्रं. जमवला मीच होता. तीन महिने मी सांगत फिरत होतो की ही फटफटी भामरागडच्या पुरात सात दिवस पाण्याखाली होती, आठव्या दिवशी एका किकमध्ये सुरू झाली, आणि तिच्या सीटवर एक वाघीण व्याली. खरं एवढंच की ती माझ्या आत्याच्या नवऱ्याची पन्नास वर्षांपूर्वीची गाडी, वीस वर्षं गोठ्यात पडलेली, आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. बांबूच्या ट्रकमधून मी ती घरी आणली.

मिस्त्रींचं गॅरेज वरोऱ्याला. एवढी जुनी इंजिनं खोलून परत जुळवणारा आमच्या भागातला हा शेवटचा माणूस. हात थरथरायचे, पण नट आवळायचा पाना धरला की थरथर थांबायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, यात वाघीण नाही. पोराला गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. शेवटी बापलेकाचं ठरलं. माझं इंजिन चाललं तर गॅरेज राहणार, नाही तर अब्बा घरी बसणार. पहिल्याच दिवशी बशीत चहा ओतता ओतता मिस्त्रींनी मला हे सांगितलं. "या उमरमधी परीक्षा देऊन राह्यलो, भाऊ. पेपर तुमच्या घरी हाय."

दीड महिना ते पहिल्या बसनं येत. ओसरीतल्या खाटेवर इंजिन खोललं. माझ्या बायकोनं पळसाच्या पानांचे द्रोण लावून दिले. एकेका द्रोणात एकेक जागेचे नटबोल्ट, आणि द्रोणांची रांग ज्या क्रमानं खोललं त्या क्रमानं. रांग ओलांडायची कोणालाच परवानगी नव्हती. मी तर दीड महिना परसातून फिरून घरात शिरत होतो. तेलाच्या वाटा त्यांनी सायकलच्या तारेनं साफ केल्या, फुंकर मारून पाहिल्या, पुन्हा साफ केल्या. इंजिन परत जुळवून झाल्यावर मिस्त्री भाचीच्या लग्नाला आठ दिवस नागपूरला निघाले, तेव्हा दारातून वळून म्हणाले, "आता याले कोनी हात नाई लावाचा. तुमीबी नाई."

त्या आठवड्यात धुकं पडलं. मला गंजाची धास्ती बसली. आमच्या घरात लोखंड ठेवून द्यायचं तर त्याला मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोपडतात. कुऱ्हाड, विळा, बैलबंडीचा आस, सगळ्याला. मी भर दुपारी अर्धी बाटली इंजिनाच्या पोटात ओतली. सोन्यासारखं पातळ तेल घळघळ आत गेलं. हेच तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे आमच्या घरचं शेंबडं पोरही सांगेल. रोज सकाळी बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. इंजिनाच्या पोटात चूल नसते, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

मिस्त्री परतले. इंजिन बसवायचं होतं. मी चार गडी आणि एक दांडा तयार ठेवला होता. ते हसले. "त्याले उचलाचं नाई. सांगाडा त्याले नेसवाचा." इंजिन भाताच्या तणसाच्या पोत्यावर आडवं केलं आणि आम्ही सगळ्यांनी वरून फटफटीचा सांगाडा हळूच उतरवला. पहिल्या झटक्यात सगळी भोकं जुळली. बोल्ट आवळता आवळता मिस्त्रींनी विचारलं, "काई केलं त नाई ना?"

"मी? मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

सांगितलं असतं तर त्यांनी इंजिन पुन्हा खोललं असतं, चार दिवस गेले असते, आणि उद्याचं गावजेवणासारखं आमंत्रण मी आधीच देऊन बसलो होतो.

सकाळच्या थंडीत तिसऱ्या किकला फटफटी सुरू झाली. काय आवाज! मिस्त्रींनी टोपी काढून डोळे पुसले. मी तीनशे पावलं गेलो. नाल्याच्या पुलाशी इंजिन आतल्या आत आवळलं आणि मागचं चाक जागीच जाम झालं.

"काऊन बंद पडली?" कोणीतरी विचारलं.

मला बाटली आठवली. लख्ख आठवली. आणि मी म्हणालो, "वय झालं मिस्त्रीचं. हात थरथरते त्याईचे."

मिस्त्रींनी किक सोडली आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. त्यांना ते पटलं होतं. मग पोरानं त्यांना दंडाला धरून बसथांब्याकडे नेलं.

तीन दिवसांनी मी एकट्यानं तेलाच्या नळीचा बोल्ट काढला. आत थिजलेल्या टोरीच्या तेलाचं पांढरं, मेणासारखं बूच. त्याच दुपारी वरोऱ्याची बस होती. मी बसथांब्यावर गेलोही. पण चहाच्या टपरीवर चारचौघांनी विचारलं, मग काय झालं हो त्या गाडीचं, आणि माझी जीभ सुटली. मिस्त्रींचा हात असा थरथरला की वाल्व्हची स्प्रिंग उडून कोंबडी मेली. पिस्टन समजून त्यांनी माझा तांब्याच इंजिनात बसवला. लोक पोट धरून हसले. बस गेली. इतकी रंगलेली गोष्ट मी जन्मात सांगितली नाही. पुढच्या बाजाराला ती कापसाच्या गाड्यांबरोबर वरोऱ्यात माझ्याआधी पोचली. महिनाभरात तिकडच्या एका माणसानं तीच गोष्ट मलाच सांगितली, तांब्यासकट. गॅरेजकडे आता कोणी फिरकत नाही, असंही म्हणाला.

तेव्हा कुठे मी गेलो. गॅरेजच्या जागी काचेचं काउंटर होतं. त्यामागे स्टुलावर मिस्त्री कोणाच्या तरी मोबाइलच्या काचेवर प्लास्टिक चिकटवत होते. हात थरथरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तेल, थंडी, बूच, टपरी. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ते ऐकत होते, आणि काचेखाली राहिलेला हवेचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला सारत होते.

"पाने त भंगारात गेले, भाऊ," ते म्हणाले.