झरोक्याखालची सभा

आमच्या तालुक्याच्या गावी जो टाऊन हॉल आहे, त्याची दर्शनी बाजू कोणती हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. उभी नोकरी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात घालवलेल्या बाईला हे बोलणं शोभत नाही, पण इलाज नाही. पूर्वेला घड्याळाचा मनोरा आहे आणि पश्चिमेला घोडागाडी लागावी म्हणून केलेलं पोर्च. घड्याळाखाली पायऱ्या नाहीत आणि पायऱ्यांवर घड्याळ नाही. खाली टोकदार विलायती कमानी, मनोऱ्यावर थेट विजापूरचा वाटावा असा घुमट, बाकी छपराला मंगलोरी कौलं. याला व्हिक्टोरियन म्हणतात. संस्थानच्या राजेसाहेबांना गोऱ्या साहेबाला खूश करायचं होतं, साहेबाला इंग्लंडची आठवण हवी होती, आणि गवंडी आले होते जतच्याही पलीकडून, विजापूरच्या बाजूने, मठ आणि मशिदी बांधून हात बसलेले. या तिघांच्या ओढाताणीत ही इमारत उभी राहिली असावी असा माझा आपला अंदाज. इतिहास म्हणून कुणी छापू नये.

काळ्या घडीव दगडाच्या भिंती हातभराहून जास्त जाड आहेत. आत बिडाचे खांब, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, आणि उन्हाळ्यात गरम हवा बाहेर जावी म्हणून भिंतीत उंचावर गोल झरोके. सध्या हॉलची दुरुस्ती चालू आहे. एसी बसणार, म्हणून झरोके विटांनी बुजवणार आहेत. ही बातमी मी सांगलीच्या घरी चहा पिता पिता आबांना वाचून दाखवली, आणि नसती वाचली तर बरं झालं असतं असं नंतर कितीदा तरी वाटलं.

आबा म्हणजे माझे वडील. आता नव्वदीला टेकलेत. माधवनगरच्या एका गिरणीत हजेरी लिहायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. लिहिता येत होतं म्हणून ते काम मिळालं, आणि लिहिता का येत होतं त्याची गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगून झाली आहे.

ती गोष्ट धर्मांतराच्या आधीची, आम्ही बौद्ध होण्यापूर्वीची. आबांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावकीची कामं करत. हॉलमध्ये सभा असली की गावभर दवंडी त्यांनीच पिटायची. सभेला मात्र त्यांना आत जायची सोय नव्हती. मग ते मागच्या बोळातून येऊन झरोक्याखाली बसत, भाषण ऐकत, आणि संध्याकाळी तक्क्यात, म्हणजे आमच्या वस्तीच्या उठण्याबसण्याच्या जागेत, जसंच्या तसं म्हणून दाखवत. वस्तीला जगाची खबर तिथून मिळायची. एकदा कुणी बडे पाहुणे म्हणून गेले म्हणे, की पोर कुणाचंही असो, त्याला शाळेत घातलंच पाहिजे. आजोबांनी ते तक्क्यात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आबांचा हात धरून शाळा गाठली. मास्तर तोंड उघडायच्या आत आजोबांनी पाहुण्यांचं भाषण पुढे केलं. मास्तरांचा नाइलाज झाला. आबा शिकले, त्यांच्यामागून वस्तीतली आणखी पोरं गेली, आणि पुढे मी हातात पट्टी आणि पेन्सिल धरली.

तर गावातले एक निवृत्त प्राध्यापक त्या हॉलवर पुस्तक लिहिताहेत. त्याच बातमीत त्यांचं नाव होतं; आबांनी मला त्यांना फोन करायला लावला, आणि आठवणी घ्यायला ते सांगलीला आमच्याकडे आले. पोहे खाल्ले, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आबा, राग मानू नका. पण त्या झरोक्यातून बाहेर शब्द कळणं शक्य नाही. छत उंच, भिंत जाड, आवाज वरच्या वर घुमतो. आणि असं भाषण झाल्याचं मला तरी कुठं सापडलेलं नाही. वस्तीवस्तीत अशा गोष्टी तयार होतात, त्यातही एक गोडवा असतो."

त्यांच्या त्या गोडव्याचा मला असा संताप आला की चहा विचारायलाही मी विसरले. आबांनी मात्र त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्यानंतर ताट समोर ठेवलं की आबा अर्धी भाकरी खाऊन हात धुवायचे. एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना मला म्हणाले, "माजा बाप खोटं बोलला आसंल का गं?"

प्राध्यापकांना मनातल्या मनात चार शिव्या घालून झाल्या होत्या. पण अशा छताखाली आवाजाचं काय होतं हे मलाही ठाऊक होतं, आणि प्राध्यापक चूक आहेत असं म्हणायला जीभ उचलत नव्हती. "तुम्ही पण जायचात ना त्यांच्याबरोबर," मी म्हटलं, "तुम्हाला काय ऐकू यायचं?"

"मी बारका हुतो. मला आठवत्यात ते मुंगळं. लय चावायचं. आन बापानं त्वांडावर बोट धरल्यालं." मग तांब्या उचलत, "त्या सभेला मी हुतो का न्हवतो, त्येबी आता सांगता येत न्हाई."

झरोके बुजायच्या आत एकदा जाऊन बघू, असं मीच म्हटलं. गाडी केली आणि गेलो.

तिथे पोचल्यावर माझं डोकं आणखीच चक्रावलं. आबांनी आधी दक्षिणेकडचा झरोका दाखवला. तिथे उभं राहिल्यावर म्हणाले, "हितं न्हाई, हितं ऊन लागतंय." मग उत्तरेला गेलो. तिथे बोळ होता म्हणे. आता मोबाइलची दुकानं आहेत आणि एक मुतारी. त्यात रस्त्यावर रस्ता चढत जाऊन हॉलचं जोतं निम्मं जमिनीत गेलंय. आजोबांच्या डोक्यावर पार उंच असलेला झरोका आता चांगला दोन हात खाली आला आहे. म्हणजे इथे बसून काही ऐकू आलं तरी आजोबांना ते आलं असेल असं नाही. आणि नाही आलं, तर आजूबाजूचा हा आजचा कलकलाट तेव्हा कुठे होता? नेमकं काय सिद्ध करायला आलो आहोत हेच मला कळेना. पण आबांपुढे हे बोलायची सोय नव्हती.

"मी आत जाऊन बोलतो," ते म्हणाले, "तू हितं बस. काय ऐकलंस त्ये मला सांग."

कामावरच्या मुकादमाला विनंती करून मी सिमेंटचं मशीन बंद करायला लावलं. तो आबांना हाताला धरून आत घेऊन गेला. मी झरोक्याखाली विटांच्या ढिगावर बसले. पारवे घुमत होते. एसटी स्टँडवरची गाड्यांची पुकार येत होती. मी डोळे मिटून कान भिंतीला लावला. आतून एक घूं घूं असा आवाज येत होता खरा, पण तो आबांचा की हॉलचा स्वतःचाच, काही समजेना. शब्द एकही नाही. मी जीव कानात आणून बसले तरी नाही.

आबा काठी टेकत बाहेर आले. धोतराला धूळ लागली होती. समोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणलो मी?"

त्यांचा चेहरा बघून मला खरं बोलवेना. "शाळेचं बोललात," मी म्हटलं. "पोर कुणाचंही असो, शाळेत घाला म्हणालात."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चोरी पकडली जाणार.

"व्हय," ते म्हणाले. "त्येच." आणि गाडीकडे चालायला लागले.

माझा जीव भांड्यात पडला. मुकादमाचे आभार मानायला मी मागे वळले. तो मशीन परत चालू करत होता. म्हणाला, "आवं बाई, पर बाबा तर काय बोललंच न्हाईत. मदी जाऊन हुबं ऱ्हायलं, वर बघत. मला वाटलं काय बोलायचं त्ये इसरलं. मी इचारलं बी, तर मला गप म्हनून खूण केली."

गाडीत बसले तेव्हा माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. घूं घूं कशाची होती मग? आणि बोललेच नव्हते, तर माझ्या उत्तराला हो का म्हणाले? मला राग आला होता, थोडी लाजही वाटत होती, आणि कुणावर रागवावं तेच ठरत नव्हतं. गावाबाहेर एका हॉटेलपाशी आबांनी गाडी थांबवायला लावली. भजी मागवली. प्लेट संपवली आणि आणखी एक मागवली. इतक्या दिवसांनी त्यांना नीट खाताना बघून मला बरं वाटलं, तरी मनातलं जाईना.

शेवटी विचारलंच. "आबा, आत तुम्ही काही बोललात का?"

"तू ऐकलंस की," ते म्हणाले.

"आबा."

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "आत कोन काय बोललं आसंल त्ये आसूं दे. शाळंत मला माज्या बापानं घातलं."